पंपाचे सील : यवतमाळच्या डिझेल कारागिरांच्या इतिहासाची एक बाजू

वणीहून घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची बाभळीची झाडे बारमाही काळी असतात. पावसाळ्यात चार दिवस ती धुतली जातात आणि पुन्हा काळी होतात. ही काजळी दोन तऱ्हेची आहे. एक कोळशाची धूळ. तिच्याबद्दल निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले, पिकांच्या नुकसानीचे अर्ज झाले. दुसरी काजळी ट्रकच्या सायलेन्सरमधून येते. तिचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण तो शोधत गेले की एका मिस्त्रीच्या हातापाशी जाऊन थांबावे लागते, आणि मिस्त्रीच्या हातालाही इतिहास असतो हे आपल्या इतिहासकारांनी अजून मनावर घेतलेले नाही.

प्रस्थापितांचे सोडा. आपणही दलितांच्या श्रमाचा विचार करताना झाडू, कातडे, मेलेले ढोर, वेठ आणि तराळकी यांच्यापाशीच बहुधा थांबतो. ते साहजिक आहे. त्या कामांनीच आपल्या पिढ्या खाल्ल्या. पण पाना-पकड हाती घेतलेला बाप आपल्या आत्मकथनांत मानाने कमी दिसतो. नामदेव ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालविली हे सर्वांना ठाऊक आहे. ती टॅक्सी बिघडली की तिच्याखाली कोण शिरत होते हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात मी एका फार लहान गोष्टीविषयी लिहिणार आहे. डिझेल ट्रकचा पंप ‘वाढविणे’ ही ती गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात चाळीसएक वर्षे हे काम चालले. त्यात आपल्या माणसांचे हात होते आणि त्या हातांची नोंद कोठेही नाही.

आधी पंप म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले नीट चाललेले इंजिन १८९७ चे. पण त्यात डिझेल आत ढकलण्यासाठी दाबलेल्या हवेचे वेगळे अवजड यंत्र लागे. असले इंजिन कारखान्यात किंवा जहाजात बसविता येई, गाडीवर नव्हे. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२२ मध्ये पंपाच्या कामाला हात घातला आणि १९२७ पासून तो मोठ्या संख्येने बनविला, तेव्हा डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले. म्हणजे ट्रकचा जीव इंजिनात असतो असे आपण म्हणत असलो, तरी तो खरा या पंपात असतो.

सहा सिलिंडरच्या गाडीला पंपात सहा ‘एलिमेंट’ असतात. एलिमेंट म्हणजे एक दांडा आणि तो ज्यात वर-खाली होतो ते नळकांडे. दोघांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाने दोन-तीन. माणसाच्या केसाच्या जाडीचा विसावा भागसुद्धा नाही. दांड्यावर एक तिरपी खाच कापलेली असते. पंपातली दातेरी पट्टी, जिला सगळे ‘रॅक’ म्हणतात, ती सरकली की दांडा स्वतःभोवती थोडा फिरतो आणि ती तिरपी खाच नळकांड्याच्या भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते. खाच भोकासमोर आली की दाब सुटतो, फवारा बंद होतो. उशिरा आली तर डिझेल जास्त गेले. सारी किमया त्या तिरप्या खाचेत आहे. दर खेपेला जाणारे डिझेल थेंब-दीड थेंब, आणि हे मिनिटाला हजारावर वेळा. नोझलमधून ते बाहेर पडते तेव्हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट असतो.

रॅकने किती सरकावे याला कारखाना एक मर्यादा घालतो. एक स्क्रू असतो, त्याला टेकून रॅक थांबतो. त्या स्क्रूतून तार ओवून तिच्यावर शिशाचे सील दाबलेले असते. सील तुटलेले दिसले की कंपनी हमी नाकारते. पंप वाढवायचा म्हणजे पहिली गोष्ट हे सील तोडायचे आणि स्क्रू फिरवून रॅकला आणखी थोडी जागा करून द्यायची. याहून पुढची कामे वेगळी. गव्हर्नरची स्प्रिंग ताणायची, म्हणजे इंजिन जास्त फेरे घेते. पंपाचे कपलिंग किंचित पुढे फिरवून टायमिंग आधी घ्यायचे. जास्त जाड दांड्याचे एलिमेंट बसवायचे. नोझल मोठ्या भोकाचे लावायचे. वाचकांना वाटेल, दलित विचाराच्या नियतकालिकात ही यंत्रविद्या कशासाठी? यासाठी की हे ज्ञान आहे. पुस्तक न वाचता, इंग्रजी न येता, कानाने आणि बोटाने मिळविलेले ज्ञान. त्याचा तपशील न सांगता नुसते ‘श्रमिकांची प्रतिभा’ म्हणून गौरव करणे ही पुन्हा एक प्रकारची भिक्षाच होईल.

आता हा पंप यवतमाळात आला कसा? १९५१ साली बंगलोरला मायको ही कंपनी निघाली आणि बॉशचे पंप देशात बनू लागले. पुढे तिने नाशिकच्या सातपूरला नोझलचा कारखाना काढला. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. १९६९ पर्यंत त्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता, पुढे टाटांचे ‘टी’ अक्षर आले. या गाड्यांनी विदर्भाचे रस्ते व्यापले. याच टाटांच्या घराण्याने १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल उघडली होती. विदर्भातला महार जाडेभरडे कापड विणून पोट भरी. गिरणीच्या कापडाने त्याचा माग बसविला. त्याच्या नातवाने टाटांच्या ट्रकखाली अंग घातले. यात कोणाचा कट नाही, पण इतिहासाची चाल लक्षात घेण्याजोगी आहे.

यवतमाळ हा कापसाचा मुलूख. शहर पठारावर, मुख्य लोहमार्ग खाली धामणगावला. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रूळमार्गाची शकुंतला किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने बांधवून घेतली ती कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी. मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन ही गाडी १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढीत होते. म्हणजे रस्त्यावर डिझेलला चाळीस वर्षे झाली तरी आमची आगगाडी वाफेवरच होती. तिच्या भरवशावर बाजार कोण ठेवणार? गाठी ट्रकने जाऊ लागल्या. १९७२ मध्ये राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, तेव्हा केंद्रांवरून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगवरून पुढे कापसाची सारी धाव ट्रकवर आली. १९७३ मध्ये दगडी कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली, आणि वणी तालुक्यात राजूर, निलजई, उकणी, कोलारपिंपरी ही नावे ट्रकवाल्यांच्या तोंडी बसली. खाणीपासून रेल्वे सायडिंगपर्यंत कोळसा ट्रकने जाई. शिवाय पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग सात, ज्याला २०१० नंतर चव्वेचाळीस म्हणतात, तो उत्तरेची आणि दक्षिणेची सारी वाहतूक करंजी, पाटणबोरीवरून आदिलाबादकडे सोडीत होता.

गाडीच्या नावातच तिची ताकद लिहिलेली असे. १२१० म्हणजे बारा टन एकूण भार आणि शंभरावर अश्वशक्ती; पुढची १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस. हे दोन्ही आकडे कारखान्याचे. मालकाचे आकडे वेगळे असत. डाल्याला फळ्या लावून तो उंच करायचा, पाट्यांत दोन-तीन पाते वाढवायचे, आणि पंप वाढवून घ्यायचा. तिन्ही कामे एकाच आठवड्यात होत. मालकाचा हिशेब खेपेवर चाले. कोळशाच्या एका खेपेत तीन-चार टन जास्त गेले आणि दिवसाकाठी एक खेप जास्त झाली, तर जळालेल्या जादा डिझेलची त्याला फिकीर नव्हती. डिझेलचा भाव सरकार धरून होते आणि तो बाजारावर सोडला गेला तो २०१४ च्या ऑक्टोबरात. जादा भाराला कायद्याची परवानगी कधीच नव्हती. दोन आसांच्या ट्रकला गाडीसकट १६.२ टन ही मर्यादा २०१८ पर्यंत राहिली, मग ती १८.५ झाली. काही राज्य सरकारे तर पैसे घेऊन जादा भाराची कार्डे देत. ती पद्धत २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविली. अशा व्यवस्थेत सील तोडणारा मिस्त्री तेवढा गुन्हेगार म्हणायचा का?

येथे मला मूळ मुद्द्यावर यावयाचे आहे. या कामात आमचा माणूस शिरला कसा?

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या खात्यात, घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे रेटला. विणकरांच्या जातीला विणाई खात्याचे दार बंद! पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, आमचा माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. कारखान्यांतही त्याला कारागीर होऊ देत नाहीत, हमाल ठेवतात. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात तर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे अशी स्पष्ट मागणी आहे. बाबासाहेबांचे राज्यघटनेचे काम आपण नेहमी सांगतो. यंत्र आपल्या मुलांच्या हाती आले पाहिजे हा त्यांचा आग्रह आपण तितका सांगत नाही.

गिरणीत आणि रेल्वेत ज्या दाराला कुलूप होते, ते मोटारगॅरेजात उघडे होते. माझ्या वडिलांचेच सांगतो, कारण माझ्यापाशी दुसरी कागदपत्रे नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर सातवीतून शाळा सुटली आणि वयाच्या चौदाव्या वर्षी ते पांढरकवड्याच्या हमरस्त्यावरील एका गॅरेजात ‘पोऱ्या’ म्हणून लागले. उस्ताद मुसलमान होते, आदिलाबादकडचे. गावातल्या हॉटेलात आमच्यासाठी कान तुटलेली कपबशी खिडकीत वेगळी ठेवलेली असे आणि ती आपणच विसळून ठेवायची. गॅरेजात पहिल्याच दिवशी उस्तादांनी अर्धा चहा पिऊन उरलेला पेला त्यांच्या हाती दिला. वडील ही हकिगत अजून सांगतात आणि सांगताना पेला धरल्यासारखा हात करतात.

आणखी एक गोष्ट ते सांगतात. गाडीचे डिझेल संपले की पाईपात हवा शिरते. टाकीतून रबरी नळी तोंडाने ओढून डिझेल काढावे लागते, मग पंपाच्या स्क्रूपाशी हवा सोडून गाडी चालू करावी लागते. नळी ओढणे हे पोऱ्याचे काम. तोंडभर डिझेल येई, थुंकायचे आणि पुन्हा ओढायचे. गिरणीतला धागा ज्या तोंडाने बाटत होता, त्याच तोंडाने ओढलेल्या डिझेलवर कापसाच्या गाठी धामणगावला चालल्या होत्या. कोणी हरकत घेतली नाही. डिझेल प्यायची कोणाची हौस होती?

यावरून मोटार लाईन जातिमुक्त होती असा निष्कर्ष काही मित्र काढतात. तो मला मान्य नाही. काम काळे होते, तेलकट होते, जमिनीवर पाठ टेकून करावयाचे होते, म्हणून ज्यांना दुसरीकडे जाता येत होते ते तिकडे फिरकले नाहीत. जागा रिकामी होती. ती मुसलमानांनी, आमच्यांनी, काही लोहार-सुतारांनी भरली. स्पर्धा नव्हती तेथे सोवळेही नव्हते.

पण पंपाचे काम काळे नाही. ही या धंद्यातली खरी गोम आहे. इंजिन अंगणात, चिखलात खोलता येते. पंप धुळीत खोलता येत नाही. एलिमेंटच्या फटीत धुळीचा एक कण गेला की दांडा चिकटतो. म्हणून पंपाची खोली वेगळी असते: काचेचे दार, पांढऱ्या फरश्या, स्वच्छ डिझेलने भरलेले ट्रे, भिंतीशी टेस्ट बेंच. या बेंचवर पंप मोटारीने फिरवितात आणि सहाही एलिमेंटमधून पडणारे डिझेल सहा काचेच्या नळ्यांत मोजतात. सहांची पातळी सारखी आली की पंप जुळला. आत जाताना चपला दाराबाहेर काढाव्या लागतात. धुळीसाठी हो, दुसऱ्या कशासाठी नाही. पण चपला बाहेर काढून ज्या दारांशी आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, त्यांना या दाराशी उभे राहताना काय वाटले असेल ते मी सांगावयास नको.

टेस्ट बेंचला भांडवल लागे, कंपनीची अधिकृतता लागे, पुस्तके इंग्रजीत असत. ज्याच्याजवळ शेती होती, जिनिंग होते किंवा पेट्रोल पंप होता, त्याने बेंच घेतला. खोलीत बसणारा ‘पंपमिस्त्री’ झाला आणि बाहेर पंप गाडीवरून उतरविणारा व परत चढविणारा ‘फिटर’ राहिला. मजुरीत फरक, बसण्यात फरक, नावात फरक. वडिलांनी पंपाचे सारे काम काचेतून पाहून शिकले. उस्ताद गेल्यावर ज्या दुसऱ्या गॅरेजात त्यांनी काम धरले, तेथल्या मालकाने त्यांना सोळा वर्षांत एकदाही बेंचवर हात ठेवू दिला नाही. मोटार लाईनीत आमच्या माणसाला प्रवेश मिळाला तो काम काळे होते म्हणून, आणि त्याच कामातल्या ज्ञानाला मोल आले तेथे त्याच्यापुढे काच लागली, असे माझे म्हणणे आहे.

मग बेंचवाचून त्यांनी काय केले? गाडीवरच पंप वाढविण्याची विद्या उभी केली. मला हा या इतिहासाचा सर्वांत विलक्षण भाग वाटतो. बेंचवर जे नळीत मोजतात ते यांनी धुरात मोजले. भरलेली गाडी चढावर न्यायची, मदतनिसाने मागे पाहावयाचे. धूर फिका राखाडी असेल तर स्क्रूला पाव फेरा आणखी जागा आहे. गिअर टाकताना काळा झोत येऊन लगेच विरला तर पुरे. चढभर काळा राहिला तर मागे घ्या. एकेका नोझलचा पाईप ढिला करून आवाज ऐकायचा. ज्या सिलिंडरचा पाईप ढिला केल्यावरही आवाज बदलत नाही, ते सिलिंडर झोपलेले. सायलेन्सरच्या तोंडाशी पळभर हात धरून उष्णता अजमावयाची. यामागचे शास्त्र पुस्तकांत आहे: एक किलो डिझेल पुरते जळण्यास साडेचौदा किलो हवा लागते आणि धूर न होण्यास प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. टर्बो नसलेले इंजिन हवा ठराविकच ओढते, म्हणून एका मर्यादेपलीकडे डिझेल वाढविले तर ताकद वाढत नाही, नुसती काजळी आणि उष्णता वाढते. वडिलांना साडेचौदाचा आकडा मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘हवा नसली तं आग काय खाईन?’

अर्थात या विद्येचे निव्वळ गुणगान करणे मला शक्य नाही. पंप वाढविल्याने ताकद वाढली ती गाडीची. ब्रेक तेवढेच राहिले, स्टिअरिंग तेवढेच राहिले, ड्रायव्हरची झोप तर कमीच झाली. गाडी दोन-तीन पावसाळे जोमाने ओढी, मग पिस्टनचा माथा वितळे, हेड गॅसकेट जाई, मागचे क्राऊन-पिनियन तुटे. जुन्या गाड्यांचा गव्हर्नर इंजिनाच्या ओढीवर, एका पातळ पडद्यावर चाले. तो पडदा फाटला की रॅक आपोआप पूर्ण पुढे जाई आणि रिकाम्या गिअरमध्ये इंजिन ‘पळून जाई’. ते थांबविण्यास हवेच्या तोंडात गोणपाट कोंबावे लागे. हे काम मालक करीत नसे. तोटा झाला की मिस्त्रीने पंप बिघडविला, नफा झाला की मालकाची गाडी चांगली!

शरीराचा हिशेब तर वेगळाच आहे. नोझल चालते की नाही हे पाहताना फवारा हातावर आला तर तो कातडीतून आत शिरतो. बाहेर सुईच्या टोकाएवढे भोक दिसते, रक्तसुद्धा येत नाही, आणि आत मांस सडू लागते. लगेच शस्त्रक्रिया केली नाही तर बोट, कधी हात काढावा लागतो. वडिलांच्या डाव्या हाताची तर्जनी अशीच गेली. १९९३ ची गोष्ट. मालकाने हळद लावून कामावर बसविले. तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा आईने त्यांना एसटीने यवतमाळला नेले. गॅरेजाच्या वहीत त्या आठवड्याचे तीन खाडे लिहिलेले होते. धुराचे तर कोणी मनावरच घेतले नाही. डिझेलच्या धुराने माणसाला फुप्फुसाचा कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ च्या जूनमध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले. त्या वेळी धुरात पाहून पंप जुळविणारी पहिली पिढी साठीच्या आसपास होती.

आता कोणी विचारील, शेजारी सरकारी खाण असताना ही माणसे तेथे का गेली नाहीत? याचे उत्तर कागदावर आहे. खाणीत नोकरी मिळण्याची एक वाट म्हणजे खाणीखाली जमीन जाणे. ज्याची जमीन गेली त्याला मोबदला आणि नोकरी. ज्याच्याजवळ जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या वावरात राबत होता, त्याचे काम गेले. पण कागदाच्या भाषेत त्याचे काहीच गेले नाही. दुसरी वाट राखीव जागांची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता, पुढे १९५६ मध्ये तो शिखांना दिला गेला. १९५६ मध्ये नागपूरला धम्म स्वीकारलेल्यांच्या केंद्रातील सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या त्या नवबौद्धांना दिल्या. पण कोळसा केंद्राचा होता. संसदेने दुरुस्ती केली ती १९९० मध्ये. खाणींचे राष्ट्रीयीकरण आणि ही दुरुस्ती यांमध्ये सतरा वर्षे आहेत. ज्या सतरा वर्षांत वणीच्या खाणी वाढल्या, त्याच सतरा वर्षांत आमचा बौद्ध तरुण खाणीच्या फाटकाबाहेर ट्रकखाली होता. कोळसा तोच.

१९६१ च्या उमेदवारी कायद्याने आणि आयटीआयच्या राखीव जागांनी थोडा फरक पडला हे मान्य केले पाहिजे. डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून एसटीच्या डेपोत लागलेली मुले आमच्या वस्त्यांत आहेत. त्यांच्यामुळे पक्की घरे झाली, बहिणी शिकल्या. परंतु आयटीआयच्या पत्रात सील तोडणे नव्हते. तेथे पंप कारखान्याच्या आकड्यावर जुळविणे शिकवीत, आणि ते योग्यच होते. गॅरेजातली विद्या पत्राबाहेर राहिली. म्हणजे ज्याला पत्र होते त्याला ती विद्या नव्हती आणि ज्याला विद्या होती त्याला पत्र नव्हते. वडील आणि त्यांचा आयटीआय झालेला पुतण्या एकाच घरात राहून एकमेकांच्या कामाला नावे ठेवीत.

या विद्येचा काळ आता सरला आहे. उत्सर्जनाची मानके कडक होत गेली तसा रॅकचा पंप नव्या ट्रकवरून उतरला. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-चार आणि २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहा लागू झाले. आता एका नळीत सतत दाबलेले डिझेल असते आणि फवारा केव्हा, किती सोडायचा हे एक लहानसा संगणक ठरवितो. सील शिशाचे राहिले नाही. ते सांकेतिक अंकांचे झाले. तेही तोडणारे आहेत. शहरांतून लॅपटॉप घेऊन मुले येतात, तारेने गाडीला जोडतात आणि तासाभरात ताकद वाढवून जातात. पण त्या लॅपटॉपची आणि त्यातल्या प्रणालीची किंमत टेस्ट बेंचसारखीच हमरस्त्यावरच्या फिटरच्या आवाक्यापलीकडची आहे, आणि कानाने सिलिंडर ओळखणाऱ्याला तो लॅपटॉप काही विचारीत नाही. धूर कमी झाला हे चांगलेच झाले. बाभळी अजून काळ्या आहेत, पण पूर्वीइतक्या नाहीत.

वडील आता घरीच असतात. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची पंपाची कामे अधूनमधून येतात. त्यांच्याजवळ एक पत्र्याचा डबा आहे, त्यात तोडलेल्या सिलांचे शिसे आहे. कशाला ठेवले म्हणून विचारले तर सांगतात, वितळवून गळाला वजन करायचे होते, राहून गेले. गेल्या उन्हाळ्यापासून मी त्यांच्याकडून एकेका गाडीचा पंप लिहून घेतो आहे: कोणत्या गाडीला किती फेरा, कोणत्या चढावर पारख केली, कोणाच्या गाडीचा पिस्टन कशाने गेला. १२१० झाली आहे. लेलँडवर आम्ही अडलो आहोत, कारण तिच्या गव्हर्नरचे जे नाव ते सांगतात ते मला कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.